गल्ला जिथे, डिझाइन तिथे

नफ्यापायी व्हिडिओ गेमची माती झाली, ही तक्रार जुनी आहे. पण गेमचे नियम नफ्याच्या हिशेबातून कधीच सुटलेले नव्हते. बदलत गेली ती पैसे घेण्याची वेळ, आणि तिच्यामागोमाग डिझाइन.

आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम-यंत्रांच्या दुकानाचा, मालक नाण्यांवर जगे. एकाच नाण्यावर कोणी तासभर खेळला तर कमाई बुडाली, म्हणून नवखा काही मिनिटांत बाद होईल इतकी काठिण्यपातळी ठेवली जाई. हा हिशेब चक्क सर्किट बोर्डावर दिसतो. ‘पॅक-मॅन’च्या (१९८०) बोर्डावरचे डिप स्विच (सेटिंग बदलायची छोटी बटणं) सरकवून डावाला १, २, ३ की ५ जीव द्यायचे आणि जादा जीव १०,०००, १५,००० की २०,००० गुणांना द्यायचा, की द्यायचाच नाही, हे मालक ठरवी. ‘गॉन्टलेट’मध्ये (१९८५) नुसतं उभं राहिलं तरी ताकद घटे आणि नाणं टाकलं की वाढे. चौघांनी एकत्र खेळायचं, म्हणजे एका यंत्रात चौघांची नाणी. हिशेब रोकडा होता, तरी सहकार्याने खेळण्याची मजा त्यातूनच रुजली, हेही मान्य करायला हवं.

घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर, पूर्ण किंमत आधीच मिळे, त्यामुळे भर आला खोक्यावरच्या नावावर आणि सणाच्या मुहूर्तावर. १९८२च्या नाताळासाठी अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला बाजार कोसळला. नंतर आलेल्या निन्टेंडोने कन्सोलमध्ये परवानगीविना बनवलेले गेम अडवणारी लॉक चिप बसवली आणि अमेरिकेत बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेमची मर्यादा घातली. गेम ज्यात असे ती कार्ट्रिजही निन्टेंडोच बनवून देई. न खपलेल्या मालाचा तोटा मात्र प्रकाशकाचा. अशा वेळी खपलेल्या गेमचा पुढचा भाग काढणं कोणालाही सोयीचं वाटणार.

विक्रीनंतरही गल्ला उघडा ठेवला की काय बिघडतं, ते ‘डियाब्लो ३’ने (२०१२) दाखवलं. राक्षस मारून शस्त्रं मिळवणं हा या गेमचा गाभा. पण खऱ्या पैशांच्या लिलावघरात त्याहून सरस शस्त्र काही क्षणांत विकत मिळे, मग राक्षस मारायचे कशाला? अखेर मार्च २०१४मध्ये लिलावघर बंद झालं. त्याच सुमारास राक्षस मारून मिळणाऱ्या लुटीची पद्धतही बदलली: वस्तू कमी, पण खेळाडूच्या पात्राला उपयोगी पडतील अशा.

फुकट गेममध्ये गल्ला थेट नियमांत असतो. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव, आणि गेलेला प्रत्येक जीव भरायला ३० मिनिटं. इथे वाट पाहणं हीच विकायची वस्तू, म्हणून अधूनमधून खेळाडूला अडवून धरणाऱ्या पातळ्या लागतात. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये (२०२०) पात्रं सोडतीतून मिळतात: सर्वात दुर्मिळ, पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के, आणि ९० सोडतींत एक नक्की. कमाई पात्रांतून, म्हणून चित्रकार, लेखक, संगीतकार यांची मेहनतही नव्या पात्रांकडे ओढली जाते. अशा गेममध्ये खरी अडचण पुढे येते: जुनी पात्रं पुरेशी ठरली तर नवी कोण घेणार? मग नव्या पात्राचीच ताकद कामी येईल असे शत्रू रचले जातात.

अशा नशिबाच्या विक्रीवर सरकारांनीही बोट ठेवलं. जपानने २०१२मध्ये ‘कॉम्प गाचा’ (सोडतीतल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच बक्षीस) बेकायदा ठरवला, बेल्जियमने २०१८मध्ये पैशांचे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणारी खोकी, जुगारात धरले. ‘फोर्टनाइट’ने रुळवलेल्या बॅटल पासमध्ये (ठरावीक मुदतीत खेळून टप्प्याटप्प्याने बक्षिसं मिळवायचा विकतचा पास) नशिबाचा भाग नाही, काय मिळणार ते आधीच दिसतं. मात्र मुदत संपण्याआधी बक्षिसं गाठायची असतात, म्हणून डिझायनरचा बराच वेळ रोजची आणि आठवड्याची कामं रचण्यात जातो.