महासाथोत्तर पुरवठा साखळी व उद्योजकता (मराठवाडा)

महासाथीमुळे खंडित झालेली माल, मजूर व भांडवल यांची ये-जा पुन्हा जुळताना उत्पादन, साठवण व नवे व्यवसाय यांच्या रचनेत होणारा बदल. येथे कोविड-१९ नंतरचा मराठवाडा अभिप्रेत आहे.

बदलाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. एक मत तो २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून मोजते. दुसरे मत २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा वस्तू व सेवा कर व त्याआधीच्या दुष्काळापर्यंत मागे जाते. शेतकरी उत्पादक कंपन्यांची (शेतकरीच भागधारक असलेल्या कंपन्यांची) कायदेशीर तरतूद २००३ च्या सुमारासच झाली होती, म्हणजे बदलाचा पाया महासाथीपूर्वीचा आहे, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १८९६ नंतरच्या मुंबईतील प्लेगशी तुलना जपून करावी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १८९७ चा साथरोग कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता.

साखळी प्रथम माणसांपाशी तुटली. बीडकडील ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या परिसरात अडकले. त्यांना एप्रिल २०२० च्या मध्यास परतीची परवानगी मिळाली. जालन्यात भंगार वितळवून सळया बनवणारे कारखाने परप्रांतीय मजुरांवर चालतात. तेथून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेल्या मजुरांपैकी १६ जण ८ मे २०२० रोजी बदनापूर-करमाडदरम्यान मालगाडीखाली मरण पावले. या विषयाच्या विवेचनात ही घटना तळटिपेत ढकलता येणार नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत धाराशिव जिल्ह्यातील चोराखळीच्या साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून वैद्यकीय ऑक्सिजन निर्माण केला. दोन्ही प्रक्रियांत झिओलाइट हे सच्छिद्र खनिज वापरतात, म्हणून हे शक्य झाले. इथेनॉल निर्जल करताना सुमारे ३ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) छिद्रांचे झिओलाइट पाणी धरते. इथेनॉलचा मोठा रेणू आत शिरत नाही. ऑक्सिजनसाठी त्याजागी दाबाखालील हवेतून नायट्रोजन शोषणारे झिओलाइट भरावे लागते. दोन टाक्या आलटून पालटून चालतात : एक शोषते, तेव्हा दुसरी दाब उतरवून नायट्रोजन सोडते. आर्गॉन ऑक्सिजनसोबतच राहत असल्याने शुद्धता साधारण ९५ टक्क्यांपुढे जात नाही. वैद्यकीय वापरास सुमारे ९३ टक्के चालते. हवा मात्र कोरडी व तेलविरहित हवी. दूरच्या टँकरवरील अवलंबन तोडणारा हा प्रयोग स्थानिक उद्योजकतेचे उत्तम उदाहरण होय.

शेतमालात लातूरच्या सोयाबीन-तुरीच्या बाजाराभोवती शिवार खरेदी (थेट शेतावरून खरेदी), गोदाम व शेतमाल तारण (साठवलेल्या मालावर कर्ज) यांना महत्त्व आले. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. त्याच वर्षीच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत डाळमिलसारख्या व्यक्तिगत उद्योगास प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. १ जुलै २०२० पासूनच्या ‘उद्यम’ या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नोंदणीचे आकडे नव्या उद्योजकतेचा पुरावा म्हणून वापरणे सयुक्तिक नाही, कारण जुन्या उद्योगांनाही पुन्हा नोंदणी करावी लागली.

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगाला २०२१ मधील जागतिक सेमीकंडक्टर टंचाईची झळ बसली.