300 व्होल्ट आणि मालवणचा पाऊस

मे महिन्यात घरीच गिटारसाठी ट्यूबचा अँप, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर बनवला. आगोटीची कामं सोडून सोल्डर घेऊन बसलो म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हा मस्त वाजला. जुलैत मात्र व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्रर्र, आणि फुल केलं की आवाज बसलेला, घसा धरल्यासारखा.

आधी प्रीअँपमधे, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल पहिल्यांदा मोठा करणाऱ्या भागात, होतं काय ते सांगतो. ट्यूब ती नेहमीचीच, 12एएक्स7, एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असे तीन भाग असलेले दोन संच. आत कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटून प्लेटकडे धावतात आणि मधे ग्रिड असते, सिग्नल तिच्यावर येतो. वाडीतल्या पाटाला आडवी फळी लावतो ना, तसं समजा, फळी जराशी हलली की पाणी केवढं कमीजास्त होतं. 300 व्होल्टचा सप्लाय, प्लेटला 100 किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला दीड किलोओहमचा, एवढ्यावर एक स्टेज उभी राहते आणि सिग्नल साधारण 60 पट होतो. कॅथोडच्या रेझिस्टरला 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर बास पूर्ण येतो, 0.68 चा लावला तर आवाज सडसडीत, ही आपापली आवड.

माझ्याकडे करंट 1.1 मिलिअँपियर होता, म्हणजे प्लेटवर 190 व्होल्ट आणि कॅथोडवर 1.6 च्या आसपास. ग्रिड शून्यावर म्हणजे कॅथोडपेक्षा 1.6 व्होल्टने खाली, आणि सगळा खेळ त्या दीड-पावणेदोन व्होल्टवर चालतो.

आता बघा, दुसऱ्या स्टेजच्या ग्रिडला माझा 1 मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे त्या बटणामागचा कमीजास्त होणारा रेझिस्टर. 1 मेगओहममधून 1 मायक्रोअँपियर गेला तरी 1 व्होल्ट तयार होतो! आणि पहिल्या प्लेटच्या 190 व्होल्टवरून एवढा करंट गळायला सुमारे 190 मेगओहमची वाट पुरते. कोरड्या बोर्डावर अशी वाट सापडत नाही, पण खारी दमट हवा, फायबरचा बोर्ड आणि मी आळसाने न पुसलेला फ्लक्स (सोल्डर करताना उरणारा चिकट राळेसारखा थर) एकत्र आले की आपोआप होते.

मी आधी पॉट बदलला (फुकट गेले पैसे), मग ट्यूब. शेवटी मल्टिमीटर लावला तर व्हॉल्यूम फुल असताना ग्रिडवर 2 व्होल्ट! कॅथोड थोडं सावरून घेतो, त्याचंही व्होल्टेज वर चढतं, तरी करंट वाढून दुसऱ्या स्टेजची प्लेट 130 च्या आसपास उतरली होती, आवाज बसला तो म्हणून. खरखरही त्यामुळेच, कारण पॉटवर डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, आला की फिरवताना तो आवाज करणारच. असाच डीसी दोन स्टेजच्या मधला, फक्त सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कपॅसिटर गळका असला तरी येतो, म्हणून त्याचं एक टोक सोडवून बघितलं, तो बिचारा चांगला होता.

मग बहिणीचा हेअर ड्रायर बोर्डावर धरला आणि ग्रिड पाच मिनिटांत शून्यावर!

आता ग्लास इपॉक्सीचा बोर्ड घेतलाय. प्लेट आणि ग्रिडचे टॅग (तारा जोडायच्या पट्ट्या) लांब ठेवले, मधे ग्राउंडची तार टाकली म्हणजे गळलेला करंट ग्रिडपर्यंत न जाता तिकडेच उतरेल, आणि फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढला. आणि हो, लाइट गेली म्हणून लगेच हात घालू नका, सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमधे 300 व्होल्ट तसेच बसलेले असू शकतात, आधी रेझिस्टर लावून उतरवा आणि मीटरने बघा.

परवा दिवसभर धो धो पाऊस होता, पापड हातात वाकत होते, आणि ग्रिडवर 0.02 व्होल्ट.