पिकअप उंच केली तरी ॲक्सल खालीच

मुंबईत हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पाणी तुंबलं की पिकअपवाल्याच्या मनात लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, बसवायचा विचार येतो. पैसे मोजण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मधोमध फुगीर गोळा दिसतो, ते डिफरन्शियल: इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी. दोन इंची लिफ्टनंतरही ते रस्त्यापासून होतं तेवढ्याच उंचीवर राहतं, कारण लिफ्टने वाढतं ते ॲक्सल आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांमधलं अंतर. डिफरन्शियल वर जातं ते फक्त मोठ्या टायरने, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्मंच. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४. म्हणजे फायदा १५ मिमीचा. शिवाय काटा ६० वर असताना गाडी साडेबासष्टने धावत असते.

पाण्यापासूनही लिफ्ट डिफरन्शियलला वाचवत नाही. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (त्याचं हवा ये-जा करायचं छिद्र) पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी चेसिसवर उंच नेऊन बांधायला किरकोळ खर्च येतो. पुष्कळांना लिफ्टआधी हेच हवं असतं.

तरीही लिफ्ट हवीच, तर टू-व्हील ड्राइव्हला पुढे एक सोय आहे. पुढच्या चाकांना ताकद जात नसल्याने हबमधून (चाकाच्या मध्यातून) शाफ्ट जात नाही, म्हणून लिफ्ट स्पिंडल वापरता येतो. त्यात चाकाचा दांडा नकलवर (चाक वळवणाऱ्या ओतीव भागावर) खाली सरकवलेला असतो. गाडी उचलली जाते, पण आर्म (चाक धरणारे हात) आणि बॉल जॉइंट (त्यांच्या टोकाचे गोल सांधे) यांचे कोन मूळचेच राहतात. तुमच्या मॉडेलचा मिळत असेल तर पहिली पसंती त्याला. नाहीतर शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती. इथे हमखास फसगत होते: शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसलेला असल्याने १ इंची स्पेसरने चाकापाशी बऱ्याच गाड्यांत २ इंचांच्या आसपास उचल मिळते. २ इंच हवेत म्हणून २ इंची स्पेसर घातला, तर बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडकतात, कास्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकतं. पुढे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर जास्त बाक असलेले पाटे घ्या. पुढच्या ॲक्सलवर ब्लॉक, म्हणजे ॲक्सल आणि पाट्यांमध्ये बसवायचा ठोकळा, कधीच नको.

मागे ब्लॉक चालतो, पण एकच, ओतीव किंवा भरीव. एकावर एक रचलेले नकोत. ब्लॉक जितका उंच, तितका पाट्यांना पिळणारा हिसका मोठा. हौद्यात रोज माल असेल तर ब्लॉकपेक्षा जादा पाटा बरा, मात्र त्याने गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल पाट्यांना आवळणारे यू बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले पुन्हा तितकी पकड देत नाहीत.

आता हमखास विसरली जाणारी जागा. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी जाते. माल भरला, मागचा भाग दबला की दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्टनंतर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच भासते. भरल्या गाडीत मागचे ब्रेक अर्धवट लागतात, पुढचे पॅड लवकर झिजतात. दांडीची बैठक लिफ्टच्या मापाने हलवून घ्या. सोबत चाक लोंबकळत ठेवून ब्रेकची होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, तेही बघा. मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर संशय आधी त्याला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगच्या कोनावर घ्या.

उंची किती? चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे कलंडण्याविरुद्धचं ढोबळ माप; आकडा जितका कमी, तितका कलंडण्याचा धोका जास्त. रुंदी १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७० मीटरवर असेल तर १.०७; तोच ०.७५ वर गेला की १.००, ०.८० वर ०.९४. उंच रचलेला माल यात धरलेलाच नाही. शहरात दीड-दोन इंचांपलीकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचारा, सुटे भाग मग घ्या.

काम झाल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करा, हेडलाइट खाली वळवा आणि ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आलटूनपालटून पुन्हा आवळा.