गार पाणी, ओली माती आणि उरुळी कांचन

उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात पोटावर ठेवतात ती मातीची पट्टी पाहिली की हा आजीच्या बटव्यातलाच उपाय असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ती जर्मनीतल्या हार्झ डोंगरातून जोहान्सबर्गमार्गे पुणे जिल्ह्यात आली. कटिस्नानाचा, म्हणजे कमरेपर्यंतच्या पाण्यात बसायचा, टब जर्मनीतल्याच लाइपझिगचा आणि पोटाला गुंडाळायची ओली पट्टी सायलेशियातल्या एका शेतकऱ्याची. आपल्याकडे खरोखर जुनं आहे ते वेगळंच: ऋतू पालटताना माणसानं किती आणि कोणत्या वेगानं पालटायचं याचा हिशेब.

तो शेतकरी म्हणजे व्हिन्सेंट्स प्रीसनित्झ. जन्म 1799 चा, गाव ग्रेफेनबर्ग. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशियात होतं, आज चेक प्रजासत्ताकात येस्येनिकजवळ आहे. जखमी हरीण पुन्हा पुन्हा झऱ्यावर येऊन जखम भिजवताना त्यानं पाहिलं, अशी कथा सांगतात. कथा बहुधा मागाहून सजवलेली असावी, पण तरुणपणी गाडीखाली सापडून मोडलेल्या बरगड्यांवर त्यानं ओल्या पट्ट्या बांधल्या आणि त्यातून तो उठला, हा त्याच्या चरित्राचा भाग आहे. तो डॉक्टर नव्हता आणि त्यानं एकही पुस्तक लिहिलं नाही. तक्रारी झाल्या, त्याच्या स्पंजात काही औषध दडवलंय का याचीही तपासणी झाली. तरीही 1839 साली सुमारे 1,500 रुग्ण त्या डोंगरातल्या खेड्यात पोचले.

त्याची पट्टी मध्य युरोपात आजही त्याच्याच नावानं ओळखतात. सुती कापड गार पाण्यात बुडवून थेंब गळणार नाही इतकं घट्ट पिळायचं, पोटाला एक-दोन वेढे द्यायचे आणि वरून कोरडं लोकरी कापड असं गुंडाळायचं की ओल्या कापडाची कड कुठेही उघडी राहणार नाही. गार स्पर्शानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग सैल होऊन तिथे रक्त येतं. लोकर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत पट्टी कोमट लागायला हवी. लागली नाही तर चूक बहुधा दोनांपैकी एक असते: कापड नीट पिळलेलं नाही, किंवा लोकर सैल बसल्यानं हवा आत शिरते आणि पाणी उडून जाताना अंगातली उष्णता नेत राहतं. हुडहुडी भरलेल्या माणसाला अशी पट्टी तशीच ठेवण्यात काही अर्थ नाही. ती काढावी, अंग कोरडं करावं, पायाशी गरम पाण्याची पिशवी द्यावी. थोडक्यात, उपचार गारव्याचा नाही, गारव्याला शरीर जे उत्तर देतं त्याचा आहे. उत्तर देण्याची ताकद नसलेल्या माणसाला गार पाणी म्हणजे नुसता गारठा.

ग्रेफेनबर्गला हे भान नेहमी राहिलं नाही. उंचावरून अंगावर पडणारी गार धार, दिवसचे दिवस ओल्या पट्ट्या, आणि त्यानं कातडीवर पुरळ-गळवं उठली की रोग बाहेर पडतोय म्हणून आनंद. सतत ओल्या राहिलेल्या कातडीला पुरळ येणारच. ‘आधी त्रास वाढतो, मग बरं वाटतं’ हे वाक्य निसर्गोपचारात आजही ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे आणि ते ऐकल्यावर सावध व्हावं हे बरं.

मात्रा शिकवली ती बव्हेरियातल्या एका धर्मगुरूनं. विणकराचा मुलगा सेबास्टियान क्नाइप (1821–1897) विद्यार्थिदशेत फुप्फुसाच्या आजारानं खंगला होता. 1849 मध्ये गार पाण्यावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि त्यानं हिवाळ्यात डॅन्यूबमध्ये काही क्षणांच्या बुड्या मारायला सुरुवात केली. पळत जायचं, अंग तापलेलं असतानाच पाण्यात शिरायचं, लगेच बाहेर यायचं आणि पुन्हा पळत घरी. पुढे व्योरिसहोफन गावी त्यानं हजारो लोकांवर उपचार केले. 1886 च्या आपल्या पुस्तकात त्यानं कबूल केलं की सुरुवातीची पद्धत फार कडक होती, अनुभवानं तो ती सौम्य करत गेला. निसर्गोपचाराच्या इतिहासात अशी कबुली विरळा.

त्याची पाण्यातली चाल घरीही जमते. गार पाणी पोटऱ्यांपर्यंत घ्यायचं आणि करकोच्यासारखं चालायचं, म्हणजे प्रत्येक पावलाला पाय पूर्ण पाण्याबाहेर काढायचा. सुरुवात पंधरा सेकंदांची, फार तर मिनिटभर. कळ आली की बाहेर. पाय टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत, हातानं पाणी निपटून मोजे घालायचे आणि ऊब येईपर्यंत चालायचं. पाय आधीच गार असतील तर हे करायचंच नाही. मधुमेहानं पायांची संवेदना कमी झालेल्यांनी, पायातला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असलेल्यांनीही यापासून लांब राहावं.

क्नाइपची पद्धत आज पाच अंगांची मानतात: पाणी, वनस्पती, हालचाल, आहार आणि ‘सुव्यवस्था’. पाचवं अंग मनाचं आहे. झोप, काम, विश्रांती आणि प्रार्थना यांची घडी बसल्याशिवाय पाण्याचा गुण टिकत नाही, असं त्याचं मत झालं होतं. पाणी घेऊन त्याच विस्कटलेल्या दिवसाकडे परतणारे रुग्ण त्यानं पुष्कळ पाहिले असणार.

भारतात मात्र आधी पोचला तो लुई कूने. 1883 मध्ये लाइपझिगला त्यानं आपलं उपचारकेंद्र काढलं. सगळे रोग मुळात एकच, शरीरात साठलेल्या परक्या द्रव्याचे, हा त्याचा सिद्धांत. त्याच्या पुस्तकाचा तेलुगू अनुवाद 1894 मध्ये निघाला, हिंदी-उर्दू 1904 मध्ये. सिद्धांत आज टिकण्यासारखा नाही, टब टिकला. कटिस्नानात पाणी बेंबीपर्यंत येतं, पाय टबाबाहेर कोरडे राहतात आणि जाडसर फडक्यानं ओटीपोट हलकेच चोळत राहतात. पाणी साधारण 18 ते 24 अंश सेल्सिअस, वेळ दहा ते वीस मिनिटं, जेवणानंतर निदान तीन तास गेलेले. पाय भिजले तर साऱ्या अंगाला गारठा चढतो आणि पोटाकडे रक्त ओढण्याचा हेतूच फसतो. गरोदरपणी, पाळीत आणि हृदयविकारात तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

हार्झमधला अॅडॉल्फ जुस्ट आणखी पुढे गेला. 1896 च्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘निसर्गाकडे परत फिरा’ अशा अर्थाचं. प्राणी मातीत लोळतात, माणसानंही मातीशी संबंध तोडू नये, हा त्याचा धडा. (प्राणी आणखीही पुष्कळ काही करतात. निसर्गातून नेमका कोणता धडा उचलायचा हे शेवटी माणूसच ठरवतो.) जोहान्सबर्गमध्ये बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीनं बेजार झालेल्या गांधीजींनी आधी कूनेचं स्नान करून पाहिलं, मग जुस्टची माती. ओली माती तलम कापडावर पसरून रात्री पोटावर बांधायची, हा त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेला प्रयोग.

पट्टीसाठी माती खत न घातलेल्या जागची, तीन-चार फूट खोलवरची घेतात. ती उन्हात वाळवून, कुटून, चाळून रात्रभर पाण्यात भिजवायची. प्रौढ माणसाच्या पोटासाठी पट्टी सुमारे दहा इंच लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड. पोट रिकामं असताना वीस ते तीस मिनिटं. फार चिकट माती सुकताना कातडी ओढते, फार वाळूची माती ओल धरत नाही आणि टोचते. जाडी कमी झाली तर पट्टी लवकर तापून निरुपयोगी होते, थंडीच्या दिवसांत जाड पट्टी माणसाला कुडकुडवते. उघड्या जखमेवर कच्ची माती कधीच नको, धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

पुढची सगळी कथा पुण्याभोवती फिरते. गांधीजींचं अपेंडिक्स 1924 च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी काढलं. तिथे माती चालली नसती आणि त्यांनीही ती चालवली नाही. आरोग्यावरचं त्यांचं छोटं पुस्तक 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलं गेलं. डॉ. दिनशा मेहतांच्या पुण्यातल्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले आणि 18 नोव्हेंबर 1945 रोजी त्याच कामासाठीच्या न्यासपत्रावर त्यांनी सही केली. काही महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं की गरिबांसाठीची संस्था शहरात चालणार नाही. म्हणून मार्च 1946 मध्ये ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीला गेले, आठवडाभर स्वतः रुग्ण पाहिले आणि काम मणिभाई देसाई, बाळकोबा भावे यांच्यावर सोपवलं. तिथे त्यांनी पाणी-मातीच्या आधी रामनामाला जागा दिली. क्नाइपच्या पाचव्या अंगाचंच काम ते होतं. पुण्यात जिथे मेहतांचं केंद्र होतं, त्या बापू भवनात 1986 मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली.

या सगळ्यात आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याचा धागा फार कमी ओढला गेला, आणि तोच आश्रमातून घरी परतलेल्या माणसाच्या सर्वांत कामाचा आहे. त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथातल्या ऋतुचर्येत संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानला आहे. या चौदा दिवसांत जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं; एकदम सोडल्यानं किंवा धरल्यानं रोग होतात, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. सवयी बदलण्यासाठी चरकानं पाव-पाव भागाचा क्रम दिला. रोज चार कप चहा पिणारा आश्रमात दहा दिवस बिनचहाचा राहतो, घरी आल्यावर पहिल्याच सकाळी डोकं धरतं आणि संध्याकाळपर्यंत चार कप पुन्हा पोटात गेलेले असतात. चरकाच्या हिशेबानं त्यानं आश्रमात जाण्याच्या दोन आठवडे आधीच चौथा कप सोडायचा होता, काही दिवसांनी तिसरा.