‘बाटली पेपे’ खरंच दारुडा होता का?

स्पेनच्या गादीवर नेपोलियनने १८०८ मध्ये बसवलेला आपला थोरला भाऊ जोसेफ म्हणजे अट्टल बेवडा, असं आजही सर्रास सांगितलं जातं. पुरावा काय, तर त्याचं टोपणनाव: ‘पेपे बोतेया’, म्हणजे बाटली पेपे (‘पेपे’ हे जोसेफ या नावाचं स्पॅनिश लाडकं रूप). व्यंगचित्रांत तर त्याला एकडोळ्याही करून टाकलं होतं. प्रत्यक्षात त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते आणि पिणंही बेताचंच होतं.

मग बाटली आली कुठून? १८०९ मध्ये त्याने दारू गाळण्या-विकण्यावरची बंधनं उठवली, पत्त्यांवरचा करही काढला. लोकांना खूश करायला गेला आणि दारुडा-जुगारी ठरला! माद्रिदमधली दाट वस्ती पाडून त्याने चौक मोकळे केले, तर ‘चौकवाला पेपे’ हे आणखी एक नाव चिकटलं.

अर्थात, तो दारुडा नव्हता म्हणून त्याचं राज्य न्याय्य ठरत नाही. ते फ्रेंच संगिनींवरच उभं होतं. दक्षिण स्पेनमधल्या बायलेनला फ्रेंच फौज स्पॅनिश सैन्याला शरण गेल्यावर, माद्रिदला येऊन जेमतेम दहा दिवस झाले असताना त्याला पळावं लागलं. परत आला तरी १८१० मध्ये खुद्द भावानेच उत्तरेचे प्रांत सेनापतींच्या हाती दिले.

२१ जून १८१३ रोजी उत्तर स्पेनमधल्या व्हितोरियाला त्याचा पुरता पराभव झाला, तो ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनकडून. आपल्या असईच्या लढाईतला वेलस्ली तो हाच. लुटीत जोसेफचं चांदीचं मूत्रपात्र ब्रिटिश घोडदळाच्या एका पलटणीच्या हाती लागलं. त्यातून शँपेन प्यायची प्रथा त्या पलटणीने पुढे जपली.