प्रवाळ संवर्धनासाठी ब्लॉकचेनवरून निधी: भारतीय संस्थेची पात्रता, परवाने आणि अर्जाचा क्रम

ब्लॉकचेन (पुसता न येणारी सामायिक डिजिटल नोंदवही) वापरून क्रिप्टो चलनात देणग्या गोळा करणाऱ्या गिव्हेथसारख्या मंचावर प्रवाळ संवर्धनाचा प्रकल्प नोंदवणं सोपं आहे. तो पैसा भारतात कायदेशीरपणे आणून समुद्रात वापरणं मात्र महिन्यांचं काम आहे, म्हणून परवाने आधी आणि वॉलेट (क्रिप्टो चलन ठेवायचं डिजिटल खातं) नंतर. मालवणसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेने हा क्रम उलटा केला, तर देणगी जमा होऊनही अडकून पडते.

वनविभागाचे परवाने

प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. संशोधनासाठी नमुना घ्यायचा असेल तर कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. मालवण सागरी अभयारण्यात (स्थापना 1987, क्षेत्र 29.12 चौ.किमी.) नुसत्या पाहणीसाठी उतरायचं तरी कलम 28 ची परवानगी घ्यावी लागते. अर्जात जागा, कालावधी, पाणबुड्यांची नावं आणि पद्धत लिहा. तुकडे लावून पुनर्रोपण करणार असाल तर ते तुकडे कुठून आणणार हे स्पष्ट हवं. अर्ज बहुधा इथेच परत येतो.

परदेशी देणगीचा कायदा

अर्ज नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम 8 कंपनीच्या नावाने करा. एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणीसाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी आणि मागच्या 3 आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. नव्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग आहे (अर्ज एफसी-3बी), पण ती ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक कामापुरतीच मिळते. दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक), पदाधिकाऱ्यांचं आधार, घटना किंवा न्यासपत्र, लेखापरीक्षित ताळेबंद आणि देणगीदाराचं वचनपत्र तयार ठेवा.

परदेशी देणगी फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच प्रथम यावी लागते. अनोळखी वॉलेटवरून आलेल्या टोकनचा (क्रिप्टो चलनाच्या एककाचा) दाता भारतीय की परदेशी, हेच सांगता येत नाही. म्हणून देणग्या संस्थेच्या स्वतःच्या वॉलेटवर घेऊ नका. परदेशातली एक नोंदणीकृत ना-नफा संस्था यजमान म्हणून शोधा. तिने टोकन स्वीकारावेत, तिथेच चलनात बदलावेत आणि देणगीदार म्हणून बँकेमार्फत रक्कम पाठवावी. पूर्वपरवानगीवर असाल तर आणखी एक अडचण येते: मंचाच्या निधी फेरीचा (ठरावीक मुदतीत देणग्या घेऊन त्यांच्या आधारे सामूहिक निधी वाटण्याचा) निकाल लागेपर्यंत रक्कम ठरत नाही आणि रकमेशिवाय वचनपत्र लिहिता येत नाही. मंजुरी येईपर्यंत पैसे सांभाळायची यजमानाची तयारी आहे का, हे लेखी घ्या.

भारतीय दात्यांकडून क्रिप्टो घ्यायचं असेल तर 1 टक्का टीडीएस आणि विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर यांचा विचार लेखापालाबरोबर आधीच करा. सर्वांत सोपं म्हणजे त्यांना थेट रुपयांत देणगी द्यायला सांगणं.

निधी फेरीचा अर्ज

वर्गमूळ पद्धतीच्या फेरीत मोठ्या देणगीपेक्षा माणसांची संख्या मोलाची असते. प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढून बेरीज करतात, बेरजेचा वर्ग करतात आणि त्यातून मूळ देणग्या वजा करतात. 100 जणांनी 1-1 डॉलर दिला तर आकडा 9,900 येतो. एकट्याने 100 डॉलर दिले तर शून्य. या आकड्यांच्या प्रमाणात सामूहिक निधी वाटला जातो. बनावट खाती उघडून संख्या फुगवली तर प्रकल्प बाद होतो. त्यामुळे दात्यांना ओळख-पडताळणी आधीच पूर्ण करायला सांगा.

वॉलेट यजमानाचं, तीनपैकी दोन सह्यांचं असावं, आणि ते फेरीच्या नेटवर्कवर (ती ज्या ब्लॉकचेनवर चालते तिथे) खरोखर उघडलेलं आहे का हे छोटी रक्कम पाठवून व परत काढून तपासा. इथेरियम या ब्लॉकचेनवरचा सामायिक वॉलेटचा पत्ता दुसऱ्या नेटवर्कवर आपोआप चालू होत नाही. जून 2022 मध्ये ऑप्टिमिझम या नेटवर्कवर अशाच चुकीने 2 कोटी टोकन परक्या हाती गेले.

टप्पे ठरवताना पावसाळा धरा. जून ते सप्टेंबर कोकणात पाण्याखालचं काम होत नाही, म्हणून नोंदी ऑक्टोबर ते मे या काळातच ठेवा. “80 टक्के तुकडे जगतील” असं वचन देऊ नका. पाणी तापलं की उत्तम काम केलेलं प्रवाळही पांढरं पडतं. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक विरंजन (प्रवाळ असं पांढरं पडणं) जाहीर झालं. हप्ता नोंदीशी बांधा: कायमच्या खुणा असलेले ठरावीक चौकोन, लावल्यावर आणि 6 व 12 महिन्यांनी त्याच कोनातून छायाचित्रं, पाण्याचं तापमान.

विदेचा (डेटाचा) प्रश्न

विकेंद्रित विज्ञानाच्या (ब्लॉकचेनवरून संशोधनाला निधी उभारणाऱ्या) मंचावर संशोधनाचे हक्क टोकन करून विकता येतात. पण भारतीय जैविक साधनांवरच्या संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीला वा संस्थेला द्यायचे असतील, तर जैवविविधता कायदा, 2002 खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शोधनिबंध प्रसिद्ध करण्याला सूट आहे, टोकन विकण्याला ती धरून चालू नका. ब्लॉकचेनवर फक्त फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ठेवा. दुर्मीळ प्रवाळाचे अचूक अक्षांश-रेखांश कधीच टाकू नका, कारण तिथून ते पुसता येत नाहीत.

रक्कम आल्यावर प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवा. दुसऱ्या संस्थेला त्यातला भाग देता येत नाही, तेव्हा स्थानिक पाणबुड्यांचं आणि होडीचं बिल थेट आपल्याच खात्यातून भागवा. वार्षिक विवरणपत्र एफसी-4 ची मुदत 31 डिसेंबर आहे.