मुंबईवरच्या घिरट्या आणि अठ्ठावीस दिवसांचा नकाशा

संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी फ्लाइटरडार हे विमानांची जागा दाखवणारं ॲप उघडून मुंबईभोवतीचं आकाश पाहिलं, तर लांबुळक्या घिरट्या घालणारी दोन-चार विमानं बहुतेक वेळा दिसतात. आत बसलेल्यांना वाटतं, पायलट नुसता वेळ काढतोय. प्रत्यक्षात त्या प्रत्येक घिरटीचं माप आधीच ठरलेलं असतं.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने इथली उड्डाणं कमी करायला सांगितली, तेव्हा विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, हे कारण दिलं होतं. सरकारी हिशेबानुसार तासाभराच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटर इंधन जातं.

या प्रकाराला होल्डिंग म्हणतात. आकाशातला एक बिंदू, म्हणजे फिक्स, ठरलेला असतो. त्यावरून गेलं की उजवीकडे अर्धं वळण, मग सरळ, पुन्हा उजवीकडे अर्धं वळण आणि सरळ परत फिक्सवर. डावीकडे वळायचं असेल तर नकाशा किंवा कंट्रोलर (जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक) तसं सांगतो. १४,००० फुटांपर्यंत सरळ रेघ एका मिनिटाची, त्याच्या वर दीड मिनिटाची. छोटं विमान सेकंदाला ३ अंश वळतं, म्हणून त्याची फेरी चार मिनिटांत पुरी होते. जेटला २५ अंशांपेक्षा जास्त कलायचं नसतं. १०,००० फुटांवर २३० नॉटने (ताशी सुमारे ४२५ किमी) जाताना त्याला अर्ध्या वळणालाच दीड मिनिटाच्या आसपास लागतं.

खरी गंमत वाऱ्याची. आडवा वारा असेल तर फिक्सकडे येताना पायलट नाक वाऱ्याच्या दिशेला थोडं वळवून रेघेवर राहतो. वळणात मात्र अशी दुरुस्ती करता येत नाही. छोट्या विमानाच्या दोन्ही वळणांत मिळून दोन मिनिटं वारा त्याला खुशाल ढकलत असतो. त्याची भरपाई करायला एकच जागा उरते, फिक्सपासून दूर जाणारी रेघ. तिचं स्वतःचं एक मिनिट आणि वळणांची दोन, म्हणून तिथे दुरुस्ती तिप्पट करायची. येताना ५ अंश, तर जाताना १५. आज संगणक हे आपोआप करतो, पण प्रशिक्षणात विद्यार्थ्यांच्या डोक्याचं दही याच गणिताने होतं.

एकाच फिक्सवर विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक थांबवता येतात. लंडनच्या हीथ्रोसाठी बॉव्हिंग्डन, लॅम्बर्न, बिगिन आणि ऑकम असे चार ठिकाणचे थर आहेत. सर्वात खालचं विमान उतरायला निघालं की वरची एकेक पायरी खाली येतात.

कंट्रोलर थांबायला सांगताना पुढची सूचना साधारण किती वाजता मिळेल तेही सांगतो. पायलट इंधनाचा हिशेब त्या वेळेवर बेततो. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कला येणाऱ्या आव्हियांका ५२ या विमानाला तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटं थांबवलं होतं. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, पण कंट्रोलरशी बोलताना ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याआधी इंधन संपलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आता ‘मिनिमम फ्युएल’ (आणखी उशीर परवडणार नाही) आणि ‘मेडे फ्युएल’ (इंधनाची आणीबाणी) असे ठरीव शब्द आहेत, त्यांत संदिग्धता नाही.

फिक्स कुठला, त्याकडे कुठल्या दिशेने यायचं, किमान किती उंचीवर राहायचं, हे सगळं चार्टवर, म्हणजे वैमानिकाच्या नकाशावर असतं. उतरण्याच्या अप्रोच चार्टवरही, धावपट्टी दिसली नाही तर वर चढून कुठे जाऊन थांबायचं, ते छापलेलं असतं. आणि हा चार्ट शिळा होतो. धावपट्टीच्या वाटेत नवी इमारत किंवा क्रेन उभी राहते, एखादं रेडिओ केंद्र बंद होतं. फार काय, पृथ्वीचं चुंबकत्वही सरकतं, आणि धावपट्टीचा क्रमांक होकायंत्राच्या दिशेवरून ठरतो: लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५/२३ धावपट्टी २००९ मध्ये याच कारणाने ०४/२२ झाली, जागची इंचभरही न हलता.

म्हणून जगभर हे बदल २८ दिवसांच्या चक्राने, गुरुवारीच लागू होतात. या चक्राला एराक म्हणतात. २०२६ चं पहिलं चक्र २२ जानेवारीला सुरू होतं, दुसरं १९ फेब्रुवारीला. मधेच काही बिनसलं तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची तातडीची सूचना निघते, त्यामुळे नुसता ताजा चार्ट पुरत नाही, नोटॅमही वाचावे लागतात. भारतातले चार्ट विमानतळ प्राधिकरणाच्या इलेक्ट्रॉनिक एआयपीमध्ये, म्हणजे अधिकृत हवाई माहिती पुस्तिकेत असतात. तिथे विमानतळाचा चार अक्षरी कोड शोधायचा, मुंबईचा व्हीएबीबी. सिम्युलेटरवर उडवणाऱ्या हौशींचं मागच्या वर्षीच्या चार्टवर भागतं, काही बिघडत नाही. खऱ्या कॉकपिटमध्ये मात्र संगणकात बऱ्याचदा दोन चक्रांची माहिती भरलेली असते, चालू आणि पुढची, आणि निघण्याआधी त्यातली आजची कोणती, ते पायलट स्क्रीनवरच्या तारखा वाचून पाहतो.